बारातले चार गेले कुठे?

एमईच्या (इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर) प्रोजेक्टला सात पातळ्यांचा इन्व्हर्टर घेतला, म्हणजे बॅटरीच्या डीसीपासून सात पायऱ्यांची एसी लहर बनवणारं सर्किट, तेव्हा शीर्षकात 'कमी घटकांचा' हे शब्द मी हौसेने घातले होते. ते पुढे चांगलेच महागात पडले.

पहिला आराखडा सरधोपट होता. १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, प्रत्येकीला एक एच-ब्रिज (बॅटरी सुलटी किंवा उलटी जोडणारे, नाहीतर शून्य देणारे चार स्विच), तिन्ही ब्रिज सिरीजमध्ये. स्विच म्हणून मॉस्फेट १२, आणि ते मी लगेच आणूनही ठेवले. मॉस्फेटचं काही वाटत नाही, खरी रड त्यांना चालू-बंद करणाऱ्या गेट ड्रायव्हरची. प्रत्येकाला एक टीएलपी२५० ही ड्रायव्हर चिप, शिवाय त्या ड्रायव्हरांना अलग सप्लाय. ब्रिजमधल्या खालच्या दोघांचं एकात भागतं, वरच्या दोघांना मात्र वेगवेगळा लागतो. ब्रिजमागे तीन, म्हणजे नऊ सप्लाय, नऊ छोटे ट्रान्सफॉर्मर! ऐरोलीहून ठाणे, मग दादरचा पूल, मग सुट्या भागांच्या बाजाराचा लॅमिंग्टन रोड, आणि हे ओझं घेऊन संध्याकाळच्या गर्दीत परत. मी पुन्हा वही उघडली.

दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केले, तिसरी १२ वर वेगळी ठेवली. आता ब्रिज दोनच. तरी ०, १२, २४, ३६ आणि उणे बाजूचे तीन मिळून पातळ्या सातच राहतात. मॉस्फेट ८, सप्लाय ६.

५० हर्ट्झच्या लहरीत पायऱ्या ९.६, ३० आणि ५६.४ अंशांवर येतात, म्हणजे शून्यापासून सुमारे ५३३, १६६७ आणि ३१३६ मायक्रोसेकंदांवर. हे आर्डुइनो या कंट्रोलर बोर्डात घातलं, बॅटरी जोडली आणि टक्! २४ च्या ब्रिजमधले दोन मॉस्फेट गेले. घोळ माझाच होता. आधी खालचा चालू, मग ५० मायक्रोसेकंदांचा डेड टाइम (दोघंही बंद ठेवायचा वेळ), मग वरचा बंद, असा क्रम मी लिहिला होता. बॅटरी शॉर्ट होऊ नये म्हणून ठेवलेल्या वेळातच ती शॉर्ट होत होती. क्रम उलटा केला आणि कळंबोलीहून आणलेला ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब लागला. स्कोपवर पायऱ्या दिसल्या तेव्हा लॅबच्या शिपाईकाकांनाही बोलावून दाखवल्या. हार्मोनिक विकृती (लहर शुद्ध साइन लहरीपासून किती ढळते ते) हिशोबाने १२.२ टक्के येत होती, मोजली तेव्हाही जवळपास तेवढीच.

गाईड मॅडमनी दोन्ही आराखड्यांच्या तुलनेचा तक्ता पाहिला. "चार स्विच वाचले म्हणतोस. गेले कुठे?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी प्रत्येक स्विचला सोसावा लागणारा व्होल्टेज लिहून बेरीज करायला लावली. जुन्यात १२ गुणिले १२, म्हणजे १४४. नव्यात चार १२ चे आणि चार २४ चे: ४८ अधिक ९६. पुन्हा १४४! माझे आयआरएफ५४० मॉस्फेट १०० व्होल्ट सोसणारे, म्हणून टेबलावर फरक जाणवला नाही. मोठ्या व्होल्टेजवर तोच भार थोड्या, पण महागड्या स्विचवर पडला असता.

बॅटऱ्यांचंही तेच. ७२ टक्के पॉवर २४ ची जोडी देते, १२ ची एकटी २८. म्हणजे जोडीतली प्रत्येक ३६ टक्के देते आणि आधी उतरते. तीन सारख्या ब्रिजमध्ये पाळी फिरवून भार वाटता येतो, इथे तशी सोय नाही. हे मला व्हायवाच्या आठ दिवस आधी कळलं.

शीर्षक बदलायची मुदत संपली होती. तक्त्यात ड्रायव्हर, सप्लाय आणि व्होल्टेजची बेरीज असे तीन रकाने वाढवले. वाचलेल्या चार मॉस्फेटपैकी दोन जळलेल्यांच्या जागी केव्हाच लागले होते. उरलेले दोन अजून ड्रॉवरमध्ये आहेत.