बोरघाट लेआउट: साल ठरलं

बोरघाटातल्या रेल्वेचा छोटा देखावा (मॉडेल रेल्वेवाल्यांच्या भाषेत लेआउट) करतोय. चौकट उभी राहून तीन महिने झाले, तरी एकही रूळ ठोकला नव्हता, कारण साल ठरत नव्हतं. आता ठरलंय: ऑगस्ट १९३०, खंडाळ्याच्या जरा खाली, भर पावसात.

मला दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली रिव्हर्सिंग स्टेशन. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हा गाडी डोंगराच्या कडेला येऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडाने उरलेला चढ चढायची. भिंतीलगतच्या फळीवर लेआउट करणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. घाटाचा चढ ३७ला १. माझी फळी ३.७ मीटर, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी जेमतेम १० सेंटीमीटर वर जाते. तिथे उलटी फिरवली की त्याच फळीवर आणखी १० मिळतात आणि घाट घाटासारखा दिसू लागतो.

दुसरी गोष्ट खेकडा, म्हणजे घाटातलं जुनं विजेचं इंजिन. मधे केबिन, दोन्हीकडे लांब नाकं, चाकांना जोडणारे दांडे. जीआयपीवर (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर) ईएफ/१ म्हणून आलेली ही ४१ इंजिनं, पुढे डब्ल्यूसीजी-१ झाली. लहानपणापासून मला यांच्याइतकं दुसरं कुठलंच इंजिन आवडलेलं नाही.

पण या दोन्ही गोष्टी एका सालात बसत नाहीत. १९२९ मध्ये मार्ग नव्या बोगद्यांतून वळवला, रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं आणि त्याच वर्षी विजेच्या तारा पुण्यापर्यंत पोचल्या. रिव्हर्सिंगवर तारा ताणून खेकडा उभा करता आला असता. एका मित्राने तसं सुचवलंही. माझं मन घेईना. तो कुठलाही घाट झाला असता, बोरघाट नाही.

शेवटी निवाडा केला दख्खनच्या राणीने. १ जून १९३० ला ती सुरू झाली ती ७ डब्यांची. १९६६ नंतरचा १२ डब्यांचा रेक (डब्यांची अख्खी माळ) माझ्या १:८७ मापात, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या हिश्श्यात, जवळजवळ तीन मीटर होतो, म्हणजे माझी बहुतेक फळी त्यातच संपते. सात डबे मात्र वळणावर शेपटीपर्यंत दिसतात. तेव्हा दोन रेक होते, एक रुपेरी आणि शेंदरी पट्ट्यांचा, दुसरा निळा आणि सोनेरी रेघांचा. पावसाळी हिरव्यात रुपेरीच उठून दिसेल.

खेकड्यासाठी 'क्रोकोडाइल' या स्विस इंजिनाचं जुनं मॉडेल मिळालं. त्याच्या दोन्ही टोकांना छोटी चाकं असतात, खेकड्याला नाहीत. ती काढल्यावर नाक रुळांच्या सांध्यावर उचललं जायला लागलं. आत शिशाचा पत्रा बसवला, आता नीट जातं. आपल्या ब्रॉडगेजला या मापात १९.२६ मिलिमीटर अंतराचे रूळ हवेत, पण तयार मिळतात ते १६.५ चे. एवढी तडजोड मी पत्करली आहे. तारांचे खांब २२ हवेत, झालेत ६.

रिव्हर्सिंग स्टेशनही पूर्ण सोडलेलं नाही. खालच्या अंगाला जुना भराव केलाय. त्यावर आधी खडी, स्लीपर आणि रूळ बसवले, डिंक सुकू दिला आणि मग रूळ-स्लीपर उपटून काढले. खडीत स्लीपरच्या खाचा तशाच राहिल्यात. आता त्यांत गवत लावतोय.