सगळं भंगार एकाच पोत्यात कोंबू नका

जुनं सामान निघालं की लोखंड, पितळ, ॲल्युमिनिअम सगळं एका पोत्यात भरून देऊन टाकायचं, असंच बहुतेक वेळा होतं आणि मला ते खरंच बघवत नाही. एक तर मिक्स मालाला त्यातल्या सगळ्यात हलक्या मालाचा भाव लागतो, हे नुकसान निदान हातात कळतं तरी. त्याहून मोठं नुकसान पुढे भट्टीत होतं. धातू कितीही वेळा वितळवता येतो हे सगळे सांगतात, पण दोन धातू एकदा एकत्र वितळले की परत वेगळे करणं सहसा परवडत नाही, हे कुणी सांगत नाही.

तांब्याचंच घ्या. मोटर आतल्या वायंडिंगसकट, म्हणजे गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेसकट, पोलादाच्या भट्टीत गेली की ते तांबं पोलादात विरघळतं आणि तिथेच राहतं. ऑक्सिजन मारून सिलिकॉन वगैरे जाळून मळीत (वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या कचऱ्यात) काढता येतं, पण तांब्याच्या आधी लोखंडच जळतं, मग तांबं निघणार कसं? पुढे ते पोलाद तापवून रोलमधून काढताना वरचं लोखंड खपली धरून निघत जातं आणि खाली तांबं साठत जातं, तांबं वितळतं १०८५ डिग्रीला आणि रोलिंगची सुरुवात साधारण त्याच्या वरच होते, त्यामुळे ते पातळ होऊन आत झिरपतं आणि पत्र्याला तडे जातात. सळईत थोडंफार चालून जातं, पण गाडीच्या चांगल्या पत्र्याला ०.१ टक्क्याच्या वर गेलं की त्रास सुरू. ॲल्युमिनिअमचं तर अजून अवघड, ते स्वतःच इतकं पटकन जळतं की त्यात उतरलेलं लोखंड जाळून काढणं शक्यच नाही. म्हणून खिडकीच्या फ्रेममधला गंजलेला स्क्रू काढताना कितीही वैताग आला तरी मी तो काढतेच. भंगारातून ॲल्युमिनिअम करायला खनिजापासून करण्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते, एवढा फायदा एका स्क्रूपायी कशाला घालवायचा!

सुरुवात चुंबकापासून करा. चिकटलं तर लोखंड, पोलाद किंवा बीड (ओतीव लोखंड). नाही चिकटलं तर वजन बघा, ॲल्युमिनिअम हातात घेतलं की लगेच कळतं कारण ते लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश असतं. स्टेनलेसला मात्र चुंबकाचा नियम सरळ लागत नाही. ३०४ ग्रेड चिकटत नाही पण जिथे वाकवलंय तिथे किंचित ओढ जाणवते, ४३० चांगलं चिकटतं आणि तरी ते स्टेनलेसच. गंज नाही, चमक टिकलीय आणि चिकटतंय, तर ते साध्या लोखंडात टाकू नका, बाजूला ठेवा.

मला सगळ्यात आवडतात ते जुने नळ. वरून सगळे सारखेच चकचकीत, चुंबक कशालाच लागत नाही. कानस घ्या आणि मागच्या, न दिसणाऱ्या कडेवर घासा. आत पिवळं दिसलं की पितळ, पण पहिल्या दोन-चार घासांवर विश्वास ठेवू नका. जस्ताच्या ओतीव नळावर क्रोमच्या आधी निकेल आणि त्याच्याही खाली तांब्याचा पातळ थर दिलेला असतो, तो थर लागला की लालसर रेघ उमटते आणि माणूस खूश होऊन तो पितळेच्या ढिगात टाकतो. अजून थोडं घासा. पांढुरकं राखाडी आलं तर ते जस्त. पितळ कितीही खोल गेलात तरी पिवळंच राहणार.

वायंडिंगचंही तसंच आहे, वरच्या वार्निशचा रंग तांब्यासारखा असतो आणि आत चक्क ॲल्युमिनिअम निघतं, तेव्हा ब्लेडने खरवडून किंवा तार कापून टोक बघायचंच. वायर जाळून तांबं काढू नका, प्लीज. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं असतात आणि जळलेल्या तांब्याचा ग्रेडही उतरतो, म्हणजे तब्येत घालवून भावही कमीच. सोलून काढलेली, स्वच्छ जाड तार वेगळी ठेवा, कथील किंवा सोल्डर लागलेली वेगळी.

काही गोष्टींना मात्र हात न लावलेलाच बरा. बंद सिलेंडर, गॅस असलेला फ्रीजचा कॉम्प्रेसर, लिथियम बॅटरी, हे कापायचं नाही, ढिगात तर अजिबात टाकायचं नाही. आणि जाड शिशाच्या आवरणातलं, तीन पात्यांचं रेडिएशनचं चिन्ह असलेलं काही आलं तर उघडायचंच नाही. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात एका सोडून दिलेल्या क्लिनिकमधलं कॅन्सरच्या उपचाराचं मशीन दोघांनी भंगार म्हणून उचललं, फोडलं आणि त्यातलं किरणोत्सर्गी सीझियम घराघरात पोचलं, चार जण गेले त्यात, एक तर लहान मुलगी होती. चिन्ह पुसलेलंही असू शकतं, त्यामुळे आकाराच्या मानाने विचित्र जड आणि पूर्ण बंद डबा दिसला तरी तिथेच सोडा, सगळ्यांना लांब करा आणि पोलिसांना किंवा फायर ब्रिगेडला कळवा.