पुस्तकाचं ०.५, माझं उणे ०.१

अकरावीत कूलोमचा नियम पाठ होता. दोन विद्युत प्रभारांमधलं (चार्जमधलं) बल त्या प्रभारांच्या गुणाकाराच्या समप्रमाणात, अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. झोपेतून उठवलं तरी म्हटला असता. पण तीन प्रभारांचं गणित आलं की अडायचंच.

एका रेषेत डावीकडे +२ मायक्रोकूलोम (हे प्रभाराचं एकक), मधे +१, उजवीकडे −३. मधल्यापासून दोघेही ३० सेंमीवर. मधल्यावर बल किती? मी चिन्हांसकट आकडे घातले: ०.२ आणि उणे ०.३, बेरीज उणे ०.१ न्यूटन. उणे म्हणजे डावीकडे! पुस्तकात उत्तर ०.५, उजवीकडे. छपाईची चूक असणार, असं ठरवून मी पेनाने शेजारी ठसठशीत 'चूक' लिहिलं.

घणसोलीला आमच्या वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगवाली ताई राहते. रविवारी तिच्याकडे गेले. तिने आधी माझी सगळी उणे चिन्हं खोडली.

"अगं, सूत्राला फक्त 'किती' विचारायचं. 'कुठे' ते चित्राला विचार."

"पण उणे म्हणजे डावीकडे ना?"

"उणे म्हणजे आकर्षण, बस्स. डावं-उजवं त्या बिचाऱ्याला काय कळणार? असं बघ, तू रबाळे स्टेशनवर उभी आहेस, धन. एका बाजूचं स्टेशन ऐरोली, दुसऱ्या बाजूचं घणसोली. ऐरोलीचा धन तुला ढकलणार. कुठे?"

"घणसोलीकडे."

"घणसोलीचा ऋण तुला ओढणार. कुठे?"

"...घणसोलीकडेच."

दोन्ही बाण एकीकडे! ०.२ अधिक ०.३. एवढ्यासाठी आठवडा गेला होता. तेव्हापासून ज्याच्यावरचं बल हवं त्याच्या जागी आधी मी स्वतः उभी राहते, बाण काढते, मगच आकडे. समभुज त्रिकोणाच्या टोकांवर तीन सारखे प्रभार असले, तर प्रत्येकावरच्या दोन बाणांत ६० अंशांचा कोन पडतो; म्हणून बेरीज दुप्पट नाही, √३ पट येते. हेही बाण काढल्यावरच पटलं.

अंतराचं मात्र पटकन कळलं. −३ चा प्रभार १५ सेंमीवर आणला की त्याचं बल चौपट, १.२ न्यूटन. कूलोमने १७८५ मध्ये हे बारीक तारेला पडणाऱ्या पिळावरून मोजलं. आमच्याकडे जुलैत कंगव्याला कागदाचा कपटासुद्धा चिकटेना. दमट हवेत प्रभार टिकतच नाही.

ते पुस्तक यंदा मावसभावाकडे जाणार आहे. 'चूक' वर व्हाइटनर लावलाय, तरी खालून दिसतंच.