भिंतीला बोटं लागली: ३ की ४?

अ‍ॅटॅक्सियाची (तोल आणि हालचालींचा मेळ बिघडण्याची) तीव्रता मोजणारी 'सारा' ही मोजपट्टी मला सुरुवातीला फारच सोपी वाटली होती. चालणं, उभं राहणं, बसणं, बोलणं आणि हातापायांच्या चार चाचण्या. एकूण गुण ० ते ४०. ० म्हणजे काही त्रास नाही. २००६ साली प्रसिद्ध झाल्यापासून स्पायनोसेरेबेलर अ‍ॅटॅक्सियात (एससीए, म्हणजे अ‍ॅटॅक्सियाचे आनुवंशिक आजार; एससीए३, एससीए६ हे त्यांतले प्रकार) ती सर्रास वापरतात. आमच्या रुग्णांवर ती कितपत भरवशाची ठरते, एवढंच आम्हाला पडताळायचं होतं. मी फिजिओथेरपिस्ट, सोबत एक न्यूरॉलॉजिस्ट. एकच रुग्ण दोघींनी बघायचा आणि एकमेकींना न विचारता गुण लिहायचे.

पहिल्याच आठवड्यात अडलो. एससीए३ असलेले एक काका भिंतीच्या कडेने चालत होते. वळताना तोल गेला आणि उजव्या हाताची दोन बोटं भिंतीला घासली. चालण्याच्या चाचणीत मी ३ लिहिले: बरेच झोक जातात, वळायला अडचण, पण आधार नाही. तिने ४ लिहिले: अधूनमधून भिंतीचा आधार. दोघींनाही आपलंच बरोबर वाटत होतं. शेवटी काकांनाच विचारलं (नियमात बसत नाही, माहीत आहे). ते म्हणाले, "आधार कसला हो, भिंत जागेवर आहे ना, तेवढं बघितलं."

एका गुणासाठी एवढा काथ्याकूट कशाला, असं वाटेल. पण एससीए३ मध्ये वर्षभरात गुण सरासरी दीडच्या आसपास वाढतात, एससीए६ मध्ये तर १ पेक्षाही कमी. म्हणजे आमच्या दोघींतला एक गुण हा काकांच्या आजाराचे सात-आठ महिने होते. एखाद्या औषधाने तेवढाच फरक पडला असता, तर तो आमच्या भांडणात कुठल्या कुठे हरवला असता.

मग आम्ही लिहून ठेवलं: हातावर भार आला तर आधार, नुसता स्पर्श झाला तर नाही.

मला खरा धक्का व्हिडिओंनी दिला. दोन आठवड्यांनी स्वतःचेच रुग्ण पुन्हा तपासायचे होते. एका चाचणीत मी माझं बोट पाच वेळा झटकन हलवते, साधारण ३० सेंटीमीटर, दर दोन सेकंदांनी एकदा, आणि रुग्णाने आपल्या बोटाने त्याचा पाठलाग करायचा. पडद्यावर दिसलं, की रुग्ण दमलेला वाटला की माझं बोट हळू होतंय. कीव मला यायची आणि गुण त्याचे सुधारायचे! तेव्हापासून मेट्रोनोम (ठरावीक तालात टिकटिक करणारं यंत्र) लावला.

आकडेमोड संख्याशास्त्रज्ञाने केली. सहसंबंध गुणांक (गुण एकमेकांशी किती जुळतात, त्याचा आकडा) झकास आला, आम्ही खूश. त्याने लगेच हवा काढली: नुकती लक्षणं सुरू झालेले आणि व्हीलचेअरवरचे असे सगळे एकत्र घेतले की हा गुणांक फुगतोच. "मापनातली चूक किती गुणांची, ते विचारा." ते विचारल्यावर चालण्याच्या आणि बोटाच्या चाचणीचं प्रशिक्षण आम्ही पुन्हा पहिल्यापासून घेतलं. मोजपट्टीला दोष देणं सोपं होतं; चुकत आम्हीच होतो.

बदल टिपता येतो का, हे बघायला वर्षाने सगळ्यांना परत बोलावलं. काका वळले, आणि या वेळी अख्खा तळवा भिंतीवर दाबून थांबले. आम्ही दोघींनीही ४ लिहिले.