सायकलच्या चेनच्या तेलांची फेरपरीक्षा : नोंद तिसरी

आधीच्या दोन्ही नोंदी रद्द समजा. त्यांत मेणाचं ल्यूब (चेनचं वंगण) उन्हाळ्यात चालवलं, वेट ल्यूब, म्हणजे ओलसर राहणारं तेल, पावसाळ्यात, आणि वर 'मेण जिंकलं' म्हणून मोकळा झालो. आपल्याकडची काळी माती मे महिन्यात धूळ असते, जुलैत चिखल. ती परीक्षा तेलांची नव्हतीच, ऋतूंची होती. त्यात नव्या चेनमधलं कंपनीचं ग्रीसही काढलं नव्हतं. पिन आणि रोलरच्या आत ते ठाण मांडून बसलेलं, मेण आत शिरणार कुठून?

आता एकाच मॉडेलच्या दोन चेन घेतल्या, एक मेणासाठी, एक वेट ल्यूबसाठी. दोन्ही बरणीत टर्पेंटाइन घालून खळखळून धुतल्या, द्रव स्वच्छ निघेपर्यंत. दर रविवारी क्विक लिंक (चेन उघडायची जोडकडी) काढून चेन बदलतो. तुळजापूर रोड तोच, गिअर शक्यतो तेच, म्हणजे ऊन, धूळ, पाऊस दोघींच्या वाट्याला सारखेच.

खरी गंमत मोजण्यात आहे. चेन झिजली की लांब होते, ती वाढ मोजायची. बाजारातलं साधं गेज रोलर दोन बाजूंना ढकलतं, त्यामुळे रोलरचा ढिलेपणाही झिजेत मिसळतो. व्हर्नियरमध्ये (सरकत्या जबड्यांच्या मोजपट्टीत) जेमतेम अकरा कड्या मावतात, तिथे अर्धा टक्का झीज म्हणजे फक्त ०.७ मिमी. म्हणून चेन खिळ्याला टांगली, खाली दोन किलोचं वजन लावलं आणि पिन ते पिन शंभर कड्या मोजल्या. नवीन चेनला हे १२७० मिमी भरतात. अर्धा टक्का वाढ झाली की ६ मिमीच्या वर, साध्या स्टीलच्या टेपवरही दिसते. फक्त चेन आणि टेप दोन्ही सावलीतच हवेत. चेन गच्चीवरच्या उन्हात तापलेली आणि टेप घरातला, असं केलं तर झीज नसताना चेन लांब भरेल.

एक वाद मिटलेला नाही: ल्यूब किती दिवसांनी घालायचं? मी दोघींना दर २०० किलोमीटरला घालतोय. मेणवाले मित्र म्हणतात, हा अन्याय आहे, मेणाला लवकर लागतं. पण मग खर्च आणि कटकटही हिशोबात धरा की! बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे वेगळी फेरी नंतर घेईन.

आजवर दोघींतला फरक माझ्या टेपच्या चुकीपेक्षा कमी आहे, त्यामुळे निकाल काहीच नाही. चेन पुसायचं कापड मात्र वेट ल्यूबचं काळंकुट्ट, मेणाचं बरं. पण काळं कापड म्हणजे झीज नव्हे.

शेजारचे काका यंत्रमागावर आयुष्य काढलेले. म्हणाले, "मागाचं तेल घालून बघ की." तिसरी चेन दिवाळीनंतर.