गँगलँडचा वकील

दरवर्षी पावसाळ्यातला एक शनिवार आमचा ठरलेला असतो, मामेभावाकडे, चिंचवडला. पोरं झोपली की मागच्या खोलीत स्पीकर लावायचा आणि भांडायला बसायचं. विषय एकच, १९८० ते ८३ मधला सगळ्यात भारी हेवी मेटल अल्बम कुठला. सात वर्षं झाली, निकाल नाही, आणि खरं सांगायचं तर निकाल लागावा असं कुणाला वाटतही नाही.

नियम थोडेच आहेत. माणशी एक अल्बम, त्यातलं एक गाणं लावायचं, आणि त्या अल्बममधलं सगळ्यात फालतू गाणं कुठलं ते स्वतःच्या तोंडानी कबूल करायचं. हा शेवटचा नियम वहिनीनी आणला आणि तेव्हापासून सगळी मजा त्यातच आहे, कारण कौतुक काय कुणीपण करतं, आपल्या आवडत्या अल्बमची बाजू उसवून दाखवताना माणूस कसा ततपप करतो ते बघायचं असतं.

माझा अल्बम ठरलेला आहे. आयर्न मेडनचा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’, मार्च १९८२. तुम्ही म्हणाल यात काय नवीन, सगळ्या जगाचा तोच असतो. असतो, पण चुकीच्या कारणानी. सगळे ब्रूस डिकिन्सनबद्दल बोलतात, नवीन गायक आला, आवाज गगनाला भिडला वगैरे. अरे पण मागे कोण बसलंय ते बघा की. ड्रमवर, क्लाइव्ह बर.

मी सहा वर्षं पथकात ताशा वाजवलाय. पाठीचा कणा आणि उजवा कान दोन्हीचं वाटोळं त्यातच झालं. पण त्यामुळे एक सवय लागली, गाणं कुठलंही असो, आधी कान जातो तो ठोक्याकडे. ढोलवाले शंभर असले तरी मिरवणूक चालते ती ताशावर, ताशावाल्यानी तर्री, म्हणजे काड्यांचा सलग कडकडाट, धरली की मग बाकीचे हात उचलतात. ‘रन टू द हिल्स’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बँडचं नाव पण माहीत नव्हतं, सुरुवातीला नुसते ड्रम, गिटार नाही काही नाही, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो, हा माणूस आपल्यातला आहे. बाकीचे नंतर येणारेत, आधी ह्यानी रस्ता करून दिलाय. ‘द प्रिझनर’ पण तसंच. आधी सुरुवातीचं ते बोलणं संपतं आणि मग हा एकटा सुरू होतो.

तर हे माझं म्हणणं, सात वर्षं तेच. त्या चार वर्षांतले अल्बम गायकावरून आणि गिटारवरून नाही, ड्रमवरून लावा, मग बघा क्रम कसा बदलतो. कोणी ऐकत नाही. ते सोडा.

यावर्षी सुरुवात दादानी केली. दादा म्हणजे मामेभाऊ, भोसरीत कारखान्यात प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर असतो, आणि त्याचा अल्बम ‘ब्रिटिश स्टील’ सोडून दुसरा असूच शकत नाही, एप्रिल १९८०, जूडास प्रीस्ट. तो गॅसपाशी भुर्जी करत होता आणि तिथूनच ओरडून बोलत होता. त्याला त्या अल्बममधले आवाज आवडतात. तेव्हा सॅम्पलर, म्हणजे तयार आवाज साठवून वाजवायची मशीन, नव्हते, तर ह्या लोकांनी ‘मेटल गॉड्स’मधल्या यंत्रांच्या पावलांसाठी काटे-चमच्यांनी भरलेला ट्रे हलवला आणि ‘ब्रेकिंग द लॉ’मध्ये काच फुटते ती दुधाच्या बाटल्या आपटून फोडलेली. रेकॉर्डिंग कुठे, तर जिथे आधी जॉन लेनन राहायचा आणि तेव्हा रिंगो स्टारचं झालं होतं त्या घरात. दादानी बोलता बोलता स्वतःचा चमच्यांचा स्टँड पण हलवून दाखवला, वहिनीनी आतून विचारलं काय पडलं.

“ड्रमचं बोल,” म्हणलं.

“ड्रम साधे आहेत. साधेच पाहिजेत. प्रेसचा स्ट्रोक कधी मध्येच फिल, जास्तीचे ठोके, टाकतो का?”

याला मला उत्तर देता आलं नाही हे इथे मान्य करतो. त्यांचा ड्रमर डेव्ह हॉलंड तिथे खरंच मशीनसारखा वाजवतो आणि तेच बरोबर आहे. भाराखाली प्रेसचा पाटा हलता कामा नये.

मग भाच्यानी मध्ये तोंड घातलं. तो एकोणीस वर्षांचा, यावर्षी पहिल्यांदाच घेतला त्याला. त्याचं म्हणणं, मामा हे सगळं स्लो आहे, खरी सुरुवात मेटॅलिकाच्या ‘किल एम ऑल’पासून, जुलै ८३, त्याच्या आधीचं सगळं वॉर्म अप. चौघांनी एकदम त्याच्याकडे असं बघितलं की पोरगं भुर्जीत घुसलं. त्याला शांतपणे सांगितलं की बाबा, मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिक पोरगा असताना १९८१ ला विमानात बसून इंग्लंडला गेला तो डायमंड हेड हा बँड बघायला, आणि त्यांच्यातल्याच एकाच्या घरी राहिला. त्या डायमंड हेडचा ८० चा पहिला अल्बम कोऱ्या पांढऱ्या कव्हरमध्ये होता, नाव पण नाही वर, आणि पोस्टानी विकलेला. ‘अॅम आय इव्हिल’ तुझ्या मेटॅलिकाचं नाही, त्यांचं आहे. पोरगं म्हणालं हो का, आणि लगेच फोनवर लावलं, आणि तीन मिनिटं गप्प बसलं. एवढं पुरे होतं.

आता खरा तमाशा. आमचा चष्मेवाला, कॉलेजपासूनचा मित्र, त्याचा अल्बम ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’. गायक ऑझी ऑस्बोर्नचा ब्लॅक सॅबथ बँडमधून हाकलल्यानंतरचा पहिला, १९८०, रँडी ऱ्होड्सची गिटार. ऱ्होड्सवर वादच नाही, पोरगा पंचविसाव्या वर्षी मार्च ८२ ला विमान अपघातात गेला आणि मागे एवढं ठेवून गेला. चष्मेवाला कधी स्ट्रीमिंग लावत नाही, त्याची स्वतःची सीडी आणतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, आणि कुणाला हात लावू देत नाही. तर त्यानी ‘आय डोन्ट नो’ लावलं आणि डोळे मिटले. पहिल्या अर्ध्या मिनिटात माझं डोकं खाजायला लागलं. काहीतरी वेगळं वाटतंय. झांजेचा आवाज जास्तच स्वच्छ, स्नेअर ड्रम पुढे आलेला.

म्हणलं, सीडी कधीची?

“पहिल्या पगाराची.”

“मागे वर्ष बघ.”

२००२.

आणि मग मला ते सांगावं लागलं. २००२ ला तो अल्बम परत काढला तेव्हा मूळचे ड्रम आणि बेस पुसून टाकले होते. ली करस्लेक आणि बॉब डेझ्ली, ज्यांनी ८० ला वाजवलं, त्यांचं पैशांवरून कोर्टात चाललं होतं, तर त्यांच्या जागी माइक बॉर्डिन आणि रॉबर्ट ट्रुहियो या दोघांकडून नव्यानी वाजवून घेतलं. मूळ परत आणलं ते २०११ ला. म्हणजे चष्मेवाला वीस वर्षं जीव टाकून ऐकत होता त्यातले ड्रम १९८० चे नव्हतेच. नियमात बसत नाही!

तो दोन मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, गिटार तर तीच आहे ना. हो रे, गिटार तीच आहे. मग त्यानी सीडी काढली, पुसली, पिशवीत ठेवली. मला जरा वाईटच वाटलं, पण करस्लेकच्या बाजूनी विचार करा की. पुढच्याच ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ला तर वाजवलं ह्या दोघांनी आणि कव्हरवर नावं छापली दुसऱ्याच दोघांची. ड्रमरचं असंच असतं. मिरवणुकीचा फोटो पेपरात येतो, त्यात झेंडा नाचवणारा दिसतो.

वहिनीचा नंबर. वहिनी शाळेत गणित शिकवतात आणि दरवर्षी एकच अल्बम लावतात, मोटरहेडचा ‘नो स्लीप टिल हॅमरस्मिथ’, ८१. दरवर्षी एकच आक्षेप येतो की हा लाइव्ह आहे, लाइव्ह चालणार नाही. त्यांचं उत्तरही तेच, ब्रिटनमध्ये एक नंबरला गेला होता, तिथल्या लोकांना चालला, तुम्हाला का चालत नाही. यावर्षी भाच्यानी शोधून काढलं की त्यातलं रेकॉर्डिंग हॅमरस्मिथला झालेलंच नाही, बहुतेक लीड्स आणि न्यूकॅसलला झालंय. वहिनी ढिम्म. “मग? कोल्हापुरी मिसळ काय कोल्हापुरातच मिळते?”

फालतू गाणं कुठलं विचारलं तर म्हणाल्या, एकही नाही, कारण सगळी एकच गाणं आहेत. ह्याला म्हणतात प्रामाणिकपणा.

मध्ये भाच्यानी विचारलं, सॅबथ कुणीच का घेत नाही? चांगला प्रश्न होता. ‘हेवन अँड हेल’ घेतला पाहिजे कुणीतरी, एप्रिल ८० चाच, नवा गायक डिओ आला आणि मेलेला बँड उठून बसला. निर्माता पण तोच, मार्टिन बर्च, ज्यानी दोन वर्षांनी ‘नंबर ऑफ द बीस्ट’ केला. पण ड्रमवर बिल वॉर्ड, आणि त्यानी स्वतःच सांगितलंय की दारूमुळे तो अल्बम रेकॉर्ड केल्याचं त्याला आठवतच नाही. ऑगस्टमध्ये दौरा अर्धवट टाकून गेला. मला ते ऐकताना नेहमी कसंतरी होतं, इतकं नीट वाजवलंय आणि वाजवणाऱ्याकडे त्याची काही आठवण नाही.

मग विषय सॅबथचा गिटारवाला आयोमी, त्याच्या बोटांवर गेला. भाच्याला माहीत नव्हतं. टोनी आयोमी सतरा वर्षांचा, बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीचा शेवटचा दिवस, कुणीतरी आलं नव्हतं म्हणून ह्याला प्रेसवर उभं केलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावरा, म्हणजे तारा दाबायचीच बोटं. त्यानी प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, तारा ढिल्या केल्या.

दादानी गॅस बंद केला.

“गार्ड काढून ठेवला असणार,” तो म्हणाला. “माल निघत नाही म्हणून काढतात. आणि नेहमीचा माणूस नसला की नवख्याला उभं करतात, तेव्हाच होतं.” मग जरा थांबून, “आमच्या ओळखीत आहे एक. भजनात पेटी वाजवतो. अजून वाजवतो.”

कुणी काही बोललं नाही. वहिनीनी पाव आणले.

शेवटी माझा नंबर, आणि मला माहीत होतं काय येणारे. ‘हॅलोड बी दाय नेम’ लावलं, सगळ्यांनी गप्प बसून ऐकलं, त्या गाण्याला कुणी नावं ठेवत नाही. मग फालतू गाणं. सगळे एका सुरात, गँगलँड! दुसऱ्या बाजूचं, ‘हॅलोड’च्या बरोब्बर आधीचं. जगात कुणालाच ते आवडत नाही. त्याच वेळी ‘टोटल एक्लिप्स’ नावाचं बरं गाणं तयार होतं, ते ‘रन टू द हिल्स’च्या सिंगलच्या मागे टाकलं आणि अल्बममध्ये गेलं गँगलँड. स्टीव्ह हॅरिस स्वतः म्हणालाय की उलटं करायला पाहिजे होतं. आणि २०२२ ला चाळीस वर्षं झाली म्हणून नवीन रेकॉर्ड काढली, त्यात खरंच गँगलँड काढून टाकलं आणि टोटल एक्लिप्स बसवलं.

“भावजी,” वहिनी म्हणाल्या, “बँडनीच काढलं. आता तुम्ही कुणाची केस लढताय?”

क्लाइव्हची. गँगलँडवर लेखक म्हणून दोन नावं आहेत, अॅड्रियन स्मिथ आणि क्लाइव्ह बर. सुरुवातीला तो एकटा वाजवतो, लांबून कुणीतरी धावत येतंय तसा, आणि त्या तेवढ्या सेकंदांत अख्ख्या अल्बमचा सांगाडा ऐकू येतो. चाल साधारण आहे, मान्य. शब्द साधारण आहेत, मान्य. पण त्या दौऱ्यानंतर हा माणूस बँडमधून बाहेर, ‘ट्रस्ट’ नावाच्या फ्रेंच बँडमधून ड्रमर निको मॅकब्रेन इकडे आला आणि हा तिकडे गेला, सरळ अदलाबदल. पुढे एमएस, मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाला, चाकाची खुर्ची आली, मेडननी त्याच्यासाठी शो केले हे त्यांचं मोठेपण, मार्च २०१३ ला गेला, छप्पन्न वर्षांचा. मग त्याचं गाणं मी नाही धरायचं तर कुणी धरायचं?

१ फेब्रुवारी २००८ ला दादा आणि मी मुंबईत बीकेसीला मेडन बघायला गेलो होतो, त्यांच्या जगभरच्या दौऱ्याचा तो पहिला दिवस. ‘रन टू द हिल्स’ आलं, हजारो लोक उड्या मारत होते, दादा रडत होता, नंतर कबूल करत नाही. निकोनी अप्रतिम वाजवलं, त्याच्यात एक डुलकी आहे, तो ठोका जरा मागे ओढतो. क्लाइव्ह ओढत नाही, तो ढकलतो. मी त्या गर्दीत उभा राहून मांडीवर क्लाइव्हचंच वाजवत होतो, आणि शेजारचा पोरगा माझ्याकडे बघत होता की ह्याचा ताल कसा काय चुकतोय.

हे सगळं मी बोललो. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. दादा म्हणाला फालतू म्हणून कबूल कर नाहीतर बाद. मी कबूल केलं नाही, बाद झालो, सातव्यांदा. साडेबाराला खालच्या काकांनी काठीनी छत ठोकलं, तर भाचा म्हणाला मामा, हे काका पण ठोका पुढेच ढकलतात. पोरगं तयार होतंय.

रविवारी सकाळी दादाचा मेसेज. “गँगलँड परत ऐकलं. गाडीवर, हेडफोन लावून.” मग दोन मिनिटांनी, “ड्रम भारी आहेत.” मग, “गाणं फालतूच.”

आणि हेडफोन लावून गाडी चालवतो म्हणून वहिनीनी त्याला झापलं, तो मेसेज मला वेगळा आला.