पावतीवर नाव नको

रविवारी उपासना संपली की मंडळी बाहेर चहाला जमते आणि मी आतल्या खोलीत अर्पणाच्या थैल्या टेबलावर उलट्या करतो. अकरा वर्षं झाली मला आमच्या चर्चचा खजिनदार होऊन. आठवडाभर चादर-टॉवेलच्या पेढीवर शेठचे पैसे मोजायचे आणि रविवारी देवाचे. हाताला आता दोन्हींत फरक कळत नाही. शंभराच्या, पन्नासच्या गड्ड्या लावायच्या, चिल्लर स्टीलच्या डब्यात, फाटक्या नोटा बाजूला. बाजारात कुणी घेत नाही ती नोट देवाच्या थैलीत खपते असा काही जणांचा पक्का समज आहे. 2016 साली बंद झालेली हजाराची नोट मला 2018 च्या नाताळात थैलीत सापडली होती. टाकणाऱ्यानं ती नीट चार घड्या घालून टाकली होती, एवढं मात्र खरं.

या ढिगात दर रविवारी वीसची एक नोट असते. विडीसारखी वळलेली आणि विडीच्याच गुलाबी दोऱ्यानं बांधलेली. गाठ अशी की नखानं सुटत नाही, दोरा दातानं तोडावा लागतो. नोट उलगडली की तंबाखूचा वास येतो. पाकीट नाही, नाव नाही, पण मला ठाऊक आहे कुणाची ते. चर्चमध्ये डावीकडे शेवटून तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या मावशींची.

मावशी सोलापुरातल्या हजारो बायांसारख्या घरी विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. हजार विड्या झाल्या की दिवस भरला. यजमान मिलमध्ये होते. मिल बंद पडली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तेही गेले. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले, तेव्हा मावशींच्या गल्लीतल्या बऱ्याच बाया तिकडं राहायला गेल्या. मावशींना स्वतःचा हिस्सा भरायला जमलं नाही. त्या आहे त्याच पत्र्याखाली राहिल्या.

आता माझंही सांगतो, नाहीतर हे सगळं दुसऱ्याच्याच पैशाबद्दल होईल. मी दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, चर्चला देतो, चुकवत नाही. पण कशाचा? हातात येणाऱ्या पगाराचा. पीएफ कापायच्या आधीच्या रकमेवर धरायचा की नंतरच्या, यावर मी एकदा आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांशी अर्धा तास वाद घातला होता. दशमांशाचं वचन बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकात आहे. ते शेवटी हसून म्हणाले, "भाऊ, मलाखीत पीएफ नाही." मी नंतरचीच रक्कम धरली आणि तेव्हापासून धरतोय. देणं झालं की माझ्या घरात एकही वस्तू कमी होत नाही. बायबलातल्या दावीद राजाला अरवना यबूसी आपलं खळं, बैल, लाकडं सगळं फुकट द्यायला तयार होता. दावीद म्हणाला, ज्याला मला दाम पडला नाही असं होमार्पण मी देवाला करणार नाही, आणि पन्नास शेकेल चांदी मोजून दिली. हे वचन उपदेशात आलं की मी खाली बघतो.

तर गेल्या वर्षीची जूनमधली गोष्ट. मंडळीतल्या एका मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. वडील नाहीत, आई धुणीभांडी करते. पहिल्या वर्षाच्या फीला 45,000 कमी पडत होते. पाळकसाहेबांनी नाव न घेता उपासनेत सांगितलं. त्या रविवारी वेगळ्या थैलीत 18,300 जमले. त्यात माझे दोन हजार. चांगलं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मंगळवारी संध्याकाळी नळाला पाणी आलं होतं. चार-पाच दिवसांनी पाणी येतं म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगायला नको. पाहुणा असो की पाळक, आधी पिंप भरायचं. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाइप धरून उभा, बायको आत हंडे लावतेय, आणि दारात मावशी. हातात मेडिकलची काळी पिशवी.

"खजिनदार, हे घ्या. पावती करा. नाव टाकू नका."

पिशवीत पाचशेच्या चाळीस नोटा. वीस बायांची भिशी, महिन्याला हजार. सतरा महिने भरल्यावर मावशींचा नंबर लागला होता. ते पैसे कशासाठी होते हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. छपराचे पत्रे बदलायला. दोन पावसाळे त्या भोकांना डांबर लावून भागवत होत्या. घर गळतं याचं त्यांना फारसं काही नव्हतं, विड्यांचं होतं. तयार विडीला ओल लागली की कारखान्यात चेकर बाजूला काढतो. पान गेलं, तंबाखू गेला, दिवस गेला, आणि हातावर काही नाही.

मी पाइप पिंपात सोडला आणि म्हणालो, "मावशी, हे मी घेणार नाही. आधी पत्रे टाका. मुलीचं मंडळी बघंल."

"मंडळी म्हणजे कोण ओ? मी मंडळीत नाही?"

"तसं नाही, पण पाऊस तोंडावर आलाय..."

"परवा तुम्ही मोजालाव तवा त्या मोठ्या बंगलेवाल्याला इचारलं होतं का, घरात काय ठिवलंय म्हणून? त्याचं गपगुमान मोजलं. माझंच देणं तुम्हाला परवडंना झालंय होय?"

पिंप भरून पाणी अंगणात वाहायला लागलं होतं. आतून बायको ओरडली. मला पाइपही काढायला सुचेना.

येशूनं मंदिरात बघितलेल्या गरीब विधवेनं पेटीत टाकलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे अगदी हलक्या नाण्यांवर, मी आयुष्यात तीस-चाळीस उपदेश तरी ऐकले असतील. मंदिरात तुतारीच्या तोंडाच्या तेरा पेट्या असायच्या, असं ज्यूंच्या मिश्ना या जुन्या धर्मग्रंथात वर्णन आहे. श्रीमंतांची नाणी खणखणत पडत असतील, तिच्या दोन टोल्यांचा आवाज कुणाला येणार! मोजायची खोड म्हणून मी एकदा हिशेब केला होता. दोन टोल्या म्हणजे रोमी दिनाराचा चौसष्टावा भाग, आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. सोयीसाठी आजची मजुरी 320 धरली तर पाच रुपये. येशू म्हणाला की तिनं आपल्या कमताईतून सगळी उपजीविका टाकली. उपदेश इथं संपतो, मग अर्पण घेतलं जातं आणि मी मोजायला बसतो.

त्या रात्री बायबलातला मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय काढला आणि जरा वरून वाचायला लागलो. विधवेच्या आधीच्याच ओळींत येशू शास्त्र्यांबद्दल बोलतोय. लांब झगे घालून मिरवतात, लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळतात. मग तो भांडारासमोर बसतो आणि एक विधवा येते. तेरावा अध्याय उघडला की शिष्य मंदिराचे चिरे बघून हरखतात आणि येशू म्हणतो, यातला दगडावर दगड राहणार नाही. म्हणजे तिनं सगळं दिलं ते कुठल्या पेटीत आणि ती पेटी कुणाच्या ताब्यात, हेही त्यानं बघितलंच असणार. पेटी सांभाळणारा आमच्याकडं मीच. झोप आली नाही.

पाळकसाहेबांकडं गेलो. त्यांनी बायबलातलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस दुसरं पत्र काढलं, आठवा अध्याय. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः कमालीच्या गरिबीत, पण यरुशलेमच्या गरजवंतांना मदत करण्यात आम्हालाही भाग मिळू दे म्हणून त्यांनी पौलाला आग्रहानं विनवलं. विनवावं लागलं, याचा अर्थ पौलही आधी नको म्हणाला असेल, असं मला वाटतं. साहेबांनी मान हलवली आणि पुढचं वाचून दाखवलं. दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ताण असं व्हावं म्हणून नव्हे, समानता व्हावी म्हणून, असं पौल लिहितो. एकाची विपुलता दुसऱ्याची कमताई भरून काढील. "घ्या पैसे," साहेब म्हणाले, "आणि पत्र्यांचं काय करता ते बघा."

पैसे घेतले. पावती केली, "एक बहीण" अशी. मुलीची फी भरली गेली, उरलेलं मंडळीच्या फंडातून घातलं. पत्र्यांचं मात्र कमिटीत अडकलं. घरदुरुस्तीला कुठल्या खात्यातून द्यायचं, उद्या सगळेच मागतील, मावशींनी अर्ज केलाय का... मावशी अर्ज करणार! चर्चच्या हंगामाच्या सणाला अर्पणातल्या वस्तूंच्या लिलावात एक अंडं सातशेला गेलं होतं, घेणाऱ्यानं ते परत देऊन पुन्हा लिलावाला लावलं होतं, टाळ्या वाजल्या होत्या. तेच लोक आता खात्याचं नाव विचारत होते. मी स्वतः हिशेबाचा माणूस, त्यामुळं मला त्यांचं चुकीचंही वाटेना.

रेव्हरंड टिळकांची गीतं आम्ही दर रविवारी म्हणतो. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली, हे सगळे कौतुकानं सांगतात. हे ऐकताना माझ्या डोळ्यापुढं मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई येतात. घरातला एक देता झाला की त्याची झळ कुणाला तरी लागतेच. मावशींच्या घरात दुसरं कुणी नाही, झळही त्यांनाच.

शेवटी आम्ही तिघांनी आपसात पैसे काढले आणि जुलैत पत्रे नेऊन टाकले. तोवर दोन मोठे पाऊस होऊन गेले होते आणि मावशींच्या दोन दिवसांच्या विड्या बाद झाल्या होत्या. माझ्या वाट्याचे पैसे मी बोनसमधले दिले. नव्या टीव्हीसाठी ठेवले होते. टीव्ही चार महिन्यांनी आला, इतकंच. मला कुठं काही टोचलं नाही, हेही लिहून ठेवतो.

मावशींनी पत्रे कुणी आणले ते विचारलं नाही. पत्रेवाल्याला चहा दिला, आम्हाला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. गडी खाली उतरला तेव्हा कळलं, माप मीच चुकीचं घेतलं होतं. सहा पत्रे आणले, लागत होते सात. चुलीच्या कोपऱ्यावर जुनाच राहिला. "राहू द्या ओ, तितकं मी भागवते," मावशी म्हणाल्या आणि तंबाखूचं सूप तिथून उचलून दुसऱ्या भिंतीला ठेवलं.

मी म्हणालो होतो, पुढच्या आठवड्यात आणतो. त्याला आता वर्ष होत आलं. वीसची नोट येते, मी दोरा तोडतो, वहीत लिहितो. काल नव्या पेठेतून येताना दुकानात पत्र्याचा भाव विचारला. दुकानदार म्हणाला, एकच पाहिजे? एकासाठी टेम्पो येणार नाही, स्वतः न्यावा लागंल.